अकरा दिवस आणि सात महिने

वाटणीच्या दाव्याचा निकाल विरोधात गेला तेव्हा जिल्हा कोर्टात अपील करायला आमच्याकडे ३० दिवस होते. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, हे वकिलांनी सांगितलं होतं. आण्णांना टायफॉइड होईल हे कोण सांगणार? ११ दिवस उशीर झाला. मग विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, दवाखान्याची कागदं. त्यावर चुलत्यांची हरकत: याच दिवसांत आण्णा डेअरीत दूध घालताना दिसले होते. (दूध मी घालत होते, पण ते कोण ऐकतंय!) नुसत्या त्या ११ दिवसांपायी ८ तारखा गेल्या.

पुढे अपील चाललं. दोन्हीकडचा युक्तिवाद संपला आणि रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आलं, ‘निकालासाठी’. आण्णांनी त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. त्यानंतर ७ महिने ‘निकालासाठी’च. उन्हाळी सुट्टी लागली, ती संपता संपता जज्जसाहेबांची बदली झाली. नव्या साहेबांसमोर युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून. या ७ महिन्यांचं प्रतिज्ञापत्र कुणी कुणाकडे मागायचं?

रागाच्या भरात दिवाणी प्रक्रिया संहिता काढून बसले. ऑर्डर २०, नियम १. सुनावणी संपल्यावर निकाल लगेच द्यावा, नाहीतर ३० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, फारच अपवादात्मक कारण असेल तरी साधारण ६० दिवसांपलीकडे जाऊ नये. ही दुरुस्ती २००२ सालची. पण हा नियम मूळ दाव्याच्या निकालाचा. अपिलाच्या निकालासाठी ऑर्डर ४१, नियम ३० बघितला, तर तिथे नुसतं एवढंच की निकाल तिथल्या तिथे द्यावा किंवा पुढच्या एखाद्या दिवशी. एखाद्या दिवशी! व्यापारी वाद असता तर २०१५ च्या कायद्यात अपील ६ महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं तरी लिहिलंय. ३८ गुंठे जिरायतीला कोण व्यापारी म्हणणार.

हायकोर्टांसाठी सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये, अनिल राय खटल्यात, वाट घालून दिली होती: राखून ठेवलेला निकाल ३ महिन्यांत आला नाही तर पक्षकाराने अर्ज द्यावा, ६ महिने उलटले तर दुसऱ्या खंडपीठाकडे द्या म्हणून मुख्य न्यायमूर्तींकडे जावं. खालच्या कोर्टात असं काही मागता येईल का, हे वकीलसाहेबांना विचारलं. ते हसले. “ताई, अर्ज आज द्याल. उद्या माझी दुसरी १२ प्रकरणं त्याच साहेबांच्या बोर्डावर, दिवसाच्या यादीत, आहेत.”

म्हणून वाटतं, अर्ज पक्षकाराने द्यायलाच लागू नये. ६० वा दिवस उलटला की प्रकरण आपोआप प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर जावं आणि उशिराचं कारण रोजनाम्यात लिहिलं जावं, एका ओळीत का होईना. आणि निकाल राहिलेल्या साहेबांची बदली असेल तर आधी निकाल, मग बदली. जज्ज कमी, कामं डोंगराएवढी, हे मला दिसतं. एका बोर्डावर ९० प्रकरणं मी स्वतः मोजलीत. तरी कारण लिहायला किती वेळ लागतो?

पुढची तारीख २४. आण्णा म्हणतात, या वेळी डेअरीवाल्याला साक्षीला घेऊन जाऊ. त्या ११ दिवसांचं केव्हाच मिटलंय, हे त्यांना चारदा सांगून झालं.