रायबंदरच्या बांधावरचा वारा

आमची जुन्या गोव्याची पायी वारी सावंतवाडीहून निघते; अंतर ७० किलोमीटरच्या आसपास भरतं. बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर असा आमचा रस्ता. तीन दिवस लागतात. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) २४ नोव्हेंबरला सुरू होतात आणि फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला असतं. मधल्या एखाद्या दिवशी पोहोचू अशा बेताने निघावं. फेस्ताच्या दिवशी सगळा वेळ रांगेत जातो, कुमसारासाठी, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली द्यायला, निवांतपणा मिळत नाही, आणि कुमसार न करता परतलं तर वारी अर्धीच राहते.

चालायचं पहाटे तीन ते नऊ, मग संध्याकाळी पाच ते आठ. नोव्हेंबर संपत आला तरी दुपारचं ऊन भाजून काढतं. हायवेवर एकेरी रांग, उजवी कड, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. नवे बूट हमखास नडतात, निदान महिनाभर वापरलेलेच घ्यावेत. टाचेला आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन, वर दोन पायमोजे. फोड आलाच तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी मात्र सोलू नये. उघड्या मांसात घाम-धूळ गेली की दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही. चक्कर बहुधा नुसतं पाणी पीत राहणाऱ्यांना येते. लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, असं सकाळच्या टप्प्याला माणशी दोन लिटर धरावं.

रोझरीची माळ म्हणताना येशूच्या जीवनातल्या पाच प्रसंगांचं, म्हणजे रहस्यांचं, मनन करतात आणि ती वारानुसार बदलतात. आम्ही मात्र वार न पाहता प्रकाशाची रहस्यं घेतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती २००२ मध्ये जोडली. पहिलं रहस्य यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा, तिसरं देवाच्या राज्याची घोषणा. पाच दहाके (दर रहस्याला दहा ‘नमो मारिया’) म्हणायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात दीड किलोमीटर सरतो. आधी पाणी, मग राज्य, हा क्रम पाय आपोआप शिकतात.

फोडांपेक्षा जास्त घात करतो तो हिशेब. इतके किलोमीटर चाललो, आता देवाने इतकं द्यावं. असा हिशेब डोक्यात असला की माणूस शेवटच्या टप्प्यावर चिडचिडा होतो, मागे पडलेल्यांवर खेकसतो. त्याच्यासाठी, आणि खरं तर आमच्या सगळ्यांसाठी, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय आहे. निकदेम हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, शास्त्र जाणणारा, मानाचा माणूस रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्यावाचून देवाचं राज्य दिसत नाही. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाईल, असं निकदेम विचारतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘आनोथेन’. त्याचा अर्थ ‘पुन्हा’ होतो आणि ‘वरून’ही. निकदेमाने ‘पुन्हा’ धरलं, तिथेच तो अडकला. ‘वरून’ धरलं की सगळं उलगडतं. मराठीत आपण ‘जन्म घेतला’ म्हणतो खरं, पण कुठलं मूल जन्म घेतं? कळा आईला येतात, मुलाला जन्म मिळतो. देवाचं राज्य म्हणजे जिथे देवाची सत्ता चालते ते जगणं. सत्तर काय नि सातशे काय, किलोमीटर मोजून ते मिळत नाही.

नवा जन्म एका रात्रीत पुरा दिसत नाही, हेही त्याच शुभवर्तमानात आहे. सातव्या अध्यायात निकदेम येशूची बाजू जपून मांडतो. एकोणिसाव्यात मात्र दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन सर्वांदेखत येतो, आजच्या मापाने ३३ किलोच्या आसपास.

तिसऱ्या अध्यायातला निकदेमाच्या भेटीचा उतारा आम्ही पणजी-रायबंदर बांधावर वाचतो. बांध १६३३-३४ मध्ये बांधला, लांबी सुमारे तीन किलोमीटर. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, सावली कुठेच नाही, म्हणून सूर्य उगवायच्या आत तो ओलांडायचा. पहाटेचा जमिनीवरून येणारा वारा समोरून तोंडावर लागतो. ‘वारा वाटेल तिकडे वाहतो’ हे आठवं वचन तिथे वाचावं. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना ‘न्यूमा’ हा एकच शब्द. तो आणता येत नाही, अडवताही येत नाही, अंगावर घ्यायचा.

जुन्या गोव्यात पोहोचलात की आधी से कॅथेड्रलमध्ये जा. तिथलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड १५३२ चं, म्हणजे ज्या इमारतीत ते आहे तिच्याहून जुनं. कॅथेड्रल बांधायला घेतलं १५६२ मध्ये. झेवियर गोव्यात आले १५४२ मध्ये आणि वारले १५५२ मध्ये. त्यांनी ही इमारत पाहिली नाही, पण याच कुंडात त्यांनी लोकांना बाप्तिस्मा दिला असं मानतात. कुंडापाशी उभं राहून आम्ही बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतो: सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा, त्याच्या भुलावणीचा त्याग, पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांवर श्रद्धा. तान्हेपणी ही उत्तरं आपल्या वतीने आईवडील आणि धर्ममातापित्यांनी दिलेली असतात. इथे ती स्वतःच्या तोंडाने द्यायची, घाई न करता, प्रत्येक प्रश्नानंतर क्षणभर थांबून.

मग रस्ता ओलांडून, झेवियर यांचे अवशेष जिथे ठेवले आहेत त्या बॉम जीझस चर्चच्या रांगेत लागावं. तोवर पायांत चपला आलेल्या बऱ्या. रांगेत उभं राहून पाय सुजतात आणि एकदा काढलेला बूट पुन्हा चढत नाही.