चाकणची सेडान: व्हेंटो ते व्हर्टस, जुन्या-नव्याच्या तपासणीची नोंद

फोक्सवॅगनची चाकणला बनणारी मधल्या आकाराची सेडान, जुनी आणि नवी, या नोंदीत एकत्र घेतली आहे. २०१० ते २०२२ व्हेंटो आणि जून २०२२ पासून व्हर्टस. स्कोडाच्या रॅपिड आणि स्लाव्हिया यांचा पायाही तोच, त्यामुळे इथलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं. फक्त रॅपिडला १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन कधीच मिळालं नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

आतापर्यंत हाती लागलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. या गाडीत साल आणि पिढी दुय्यम. कोणतं इंजिन कोणत्या गिअरबॉक्सला जोडलंय आणि त्या जोडीची निगा कशी राखली, यावर गाडी मजा देणार की खिसा रिकामा करणार हे ठरतं. नीट सर्व्हिस झालेली २०२१ची मॅन्युअल व्हेंटो ही हयगय झालेल्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) व्हर्टसपेक्षा केव्हाही चांगली खरेदी.

जोडी ओळखा

पहिली व्हेंटो १.६ पेट्रोल (ताकद १०५ पीएस, टॉर्क म्हणजे खेचण्याचा जोर १५३ एनएम) आणि १.६ डिझेल (१०५ पीएस, २५० एनएम) अशी आली. ते पेट्रोल साधं आणि सोशिक, पण वेगाची हौस असेल तर तिथे थांबू नका. २०१३ला १.२ टीएसआय आलं: १०५ पीएस, १७५ एनएम, फक्त सात गिअरच्या डीएसजीसोबत. २०१४ला १.६ डिझेलची जागा १.५ने घेतली आणि डिझेललाही डीएसजी मिळाली. एप्रिल २०२०ला बीएस६ उत्सर्जन नियम लागू झाले तसं डिझेल गेलं, १.२ही गेलं, आणि १.० टीएसआय आलं: तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ एनएम, सोबत सहा गिअरची मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर (पारंपरिक ऑटोमॅटिक).

व्हर्टसमध्ये तेच १.० आता ११५ पीएस आणि १७८ एनएम देतं. खरी ओढ १.५ टीएसआयची: १५० पीएस, २५० एनएम, आणि हा टॉर्क १६०० आरपीएमपासूनच हाताशी. हे इंजिन सुरुवातीला फक्त डीएसजीसोबत होतं, मॅन्युअल २०२३ला आली.

जाहिरात वाचताना एक ठेच हमखास लागते. 'जीटी लाइन' म्हणजे काळ्या सजावटीतलं १.० इंजिन. 'जीटी प्लस' म्हणजे १.५. विकणारे सरसकट 'जीटी' लिहितात, कधी अज्ञानाने, कधी जाणून. आरसीवर क्युबिक कपॅसिटी बघा: ९९९ की १४९८. बॅज बाजारात मिळतो, आरसीवरचा आकडा मिळत नाही.

डीएसजी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

या सर्व सेडानमध्ये डीएसजी एकच आहे, डीक्यू२००. दोन कोरड्या क्लच प्लेट, एकीवर विषम गिअर, दुसरीवर सम. कोरड्या म्हणजे तेलात न बुडलेल्या. त्यामुळे घर्षणाची उष्णता वाहून न्यायला हवेशिवाय काही नाही. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सरपटत राहिली की विषम बाजूची प्लेट अर्धवट लागलेल्या अवस्थेत घासते, तापते, तिच्यावर चकाकी चढते. मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर सुरू होते.

दुसरा आजार मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक युनिटचा. त्यात एक छोटा पंप दाब भरतो आणि तो दाब अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठतो. अ‍ॅक्युम्युलेटर जिथे आट्यांवर बसतो तिथल्या अ‍ॅल्युमिनियमला तडा गेला की तेल झिरपतं, दाब टिकत नाही, पंप सारखा चालतो. शेवटी कंट्रोल युनिट पंप वाचवण्यासाठी तो बंदच करतं, आणि गाडी आहे तिथे न्यूट्रलमध्ये उभी राहते. स्कॅनरमध्ये (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रात) याची खूण पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे कोड. संपूर्ण युनिट बदललं तर खर्च लाखाच्या पुढे जातो. नुसती तडा गेलेली बॉडी बदलून देणारी गॅरेजं आता आहेत आणि काम टिकाऊ होतं, पण कामानंतर बेसिक सेटिंग करणारा स्कॅनर त्यांच्याकडे आहे का हे आधी विचारा.

तपासण्याची रीत अशी. गाडी रात्रभर उभी असलेली हवी. विकणाऱ्याला आधीच सांगा की सुरू करून ठेवू नका. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर पंपाचा बारीक गुणगुण आवाज थोडा वेळ येऊन थांबला पाहिजे. इंजिन चालू, गाडी पार्कमध्ये, आजूबाजूला शांतता असताना कान द्या: पंप काही काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा लागत असेल तर दाब गळतोय. मग डी टाका, ब्रेक हळू सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका. गाडी एकसंध सरकली पाहिजे. हलक्या पायाने पहिला-दुसरा-तिसरा करा. थरथर लपायला जागा नसते ती इथेच. नंतर चढावर रिव्हर्स घ्या. रिव्हर्समध्ये क्लचवर ताण जास्त येतो, आणि जी गाडी पुढे गुळगुळीत जाते ती मागे जाताना खरं बोलते.

यानंतर तापलेल्या गाडीवर हीच परीक्षा पुन्हा. गार असताना चांगली आणि अर्ध्या तासाच्या गर्दीनंतर झटके, ही क्लच संपत आल्याची नेहमीची चाल आहे.

स्कॅनरवर गिअरबॉक्सचं मॉड्यूल ०२ उघडा. चालू कोडइतकेच साठवलेले कोड आणि ते किती किलोमीटरला नोंदले गेले ते महत्त्वाचं. सगळं कालच पुसलेलं दिसलं, सर्व मॉड्यूल कोरी करकरीत, तर तोही एक निष्कर्षच. गाडी सोडून द्या किंवा आठवडाभराने पुन्हा स्कॅन करायची अट घाला.

रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, गाड्यांबद्दल ठाम मत आहे. डीक्यू२००ची टॉर्क सहन करायची मर्यादा २५० एनएम. १.५ टीएसआय आणि डिझेल कारखान्यातूनच ती मर्यादा गाठून येतात. वरचा प्रत्येक एनएम क्लचच्या आयुष्यातून कापला जातो. विकण्याआधी मूळ फाइल परत टाकलेली असते, म्हणून रस्त्यावर पकडा: मॅन्युअल मोडमध्ये सहावा गिअर, वेग ८० च्या आसपास, मोकळा रस्ता, पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग त्यामानाने वाढला नाही, तर प्लेट घसरतेय.

घेतल्यानंतरची एक सवय: गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे इंचाइंचाने सरपटू नका. अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा, आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून धरा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो. अर्धवट दाबला की घासत राहतो.

१.२ टीएसआय

इंजिनचा कोड बघा. सीबीझेडने सुरू होत असेल तर टायमिंग साखळी, सीजेझेड असेल तर बेल्ट. साखळीवाल्यात साखळी लांबते. गार इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली की साखळी, टेन्शनर, गाइड, सगळा संच बदलायची वेळ झाली. हे टाळलं तर दात उडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. याच इंजिनात टर्बोच्या वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) अ‍ॅक्च्युएटर अडकतो. लक्षण म्हणजे डॅशबोर्डवरचा ईपीसीचा (इंजिन नियंत्रणातल्या बिघाडाचा) दिवा आणि २५०० आरपीएमच्या पुढे गळून पडलेली ताकद. एवढं असूनही नीट राखलेली १.२ डीएसजी शहराबाहेर फार गोड चालते, हे मान्य केलंच पाहिजे. पण मेकाट्रॉनिकच्या कामाचा कागद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

डिझेल

मॅन्युअल डिझेल ही हायवेची गाडी. तपासायचं मुख्य म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के पचवणारं दुहेरी चाक): आयडलला येणारी खडखड क्लच दाबल्यावर बदलली, किंवा इंजिन बंद करताना धक्का बसला, तर क्लचसोबत फ्लायव्हीलही बदलावं लागणार. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरून चाला. ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतो, त्याची सफाई हे नेहमीचं काम.

डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने उत्सर्जनाच्या प्रकरणात ३,२३,७०० डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. त्याआधीची गाडी असेल तर तो अपडेट झालाय का हे सर्व्हिस सेंटर चेसिस नंबरवरून सांगू शकतं. दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेलवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या व्हेंटो स्वस्तात दिसू लागल्या. एनओसी, इथली नोंदणी, रोड टॅक्स हे सगळं जोडल्यावर ती स्वस्ताई बहुधा उरत नाही.

१.० आणि १.५ टीएसआय

ही दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्हींना बेल्ट. सामाईक दुखणं कूलंटचं. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग गिअरबॉक्सच्या बाजूला असतं. तिथून बारीक गळती होते आणि गुलाबी-पांढरे सुकलेले डाग राहतात. टॉर्च लावून बघा. टाकीतली पातळी 'किमान'च्या खाली असेल तर वरून भरून गप्प बसू नका, गळती शोधा. आणि टाकीत साधं पाणी ओतलेलं आढळलं, तर त्या मालकाने बाकी निगा कशी राखली असेल हे वेगळं विचारायला नको.

१.५मध्ये भार कमी असताना दुसरा आणि तिसरा सिलिंडर बंद पडतात. ही अदलाबदल जाणवू नये. जाणवली तर आधी इग्निशन कॉइल, स्पार्क प्लग आणि इंजिन माउंटिंग बघा. युरोपात याच इंजिनाच्या मॅन्युअल गाड्या गार असताना अडखळत होत्या आणि सॉफ्टवेअरने तो दोष काढावा लागला, म्हणून १.५ मॅन्युअलची चाचणी सकाळी गार इंजिनावरच घ्या.

पेट्रोलचा मुद्दा: व्हर्टस एप्रिल २०२३ पासून ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) योग्य. त्याआधीची गाडी, विशेषतः १.२, घेतलीत तर इंधनाचे रबरी होज आणि सील दर सर्व्हिसला तपासून घ्या.

चेसिस, आणि रस्त्यावर काय बघायचं

दोन्ही पिढ्यांत सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन, मागे ट्विस्ट बीम; मागे ब्रेक ड्रमचे. १५० पीएसच्या गाडीला मागे डिस्क द्यायला हवी होती, यात दुमत नसावं. घाट उतरताना ब्रेकवर बसून राहण्याऐवजी गिअर खाली घेतला तर ड्रम पुरतात.

व्हर्टसचा व्हीलबेस २६५१ मिमी, व्हेंटोपेक्षा सुमारे १० सेंमी जास्त. वेगात सरळ धावताना हा फरक आवडतो. कात्रजच्या जुन्या घाटात आखूड व्हेंटो जास्त चपळ वाटते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीची चढण ही परीक्षेला उत्तम जागा: चौघे बसवून तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवरून गाडी उचला. १.५ कुरकुर न करता खेचते, १.० मागते दुसरा.

व्हेंटोमध्ये लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट यांचे आवाज ठरलेले. खडबडीत रस्त्यावर ताशी २० ने, काचा खाली करून चालवा. पॉवर विंडो अडकणं आणि एसीची कूलिंग कॉइल गळणं या दोन्ही गोष्टी इतक्या सार्वत्रिक आहेत की चारही काचा दोनदा वर-खाली केल्याशिवाय आणि एसी २० मिनिटं चालवल्याशिवाय सौदा करू नये. कॉइल बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरतो; काम ढिसाळ झालं तर नंतर खुळखुळ्या आवाजाने डोकं उठतं.

सनरूफवाल्या व्हर्टसमध्ये पाण्याचे निचरे तुंबतात. चारही कोपऱ्यांत थोडं पाणी ओता, ते चाकांपाशी बाहेर पडलं पाहिजे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली २०१९च्या पुराआधीची गाडी असेल तर सीटच्या रेलचा गंज, कार्पेटखालचा फोम आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला चिखल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन्ही पिढ्यांच्या चाकांचा पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१००, हब ५७.१ मिमी, बोल्टचा टॉर्क १२० एनएम. व्हर्टसचा मूळ टायर २०५/५५ आर१६. त्याहून मोठी चाकं दिसायला देखणी, पण आपल्या रस्त्यांवर रिम वाकते आणि स्टीअरिंगची नजाकत जाते.

सुरक्षेत मात्र बरोबरी नाही. व्हर्टसला एप्रिल २०२३मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे ५ तारे मिळाले. घरात लहान मुलं असतील तर हा एकच मुद्दा व्हेंटोला मागे टाकायला पुरेसा आहे.

आजची क्रमवारी

पहिली १.५ मॅन्युअल व्हर्टस, वापरलेली मिळाली तर सोडू नका. संख्येने कमी आहेत. दुसरी १.० मॅन्युअल व्हेंटो, २०२० ते २०२२, कमी पैशात सर्वात प्रामाणिक गाडी. तिसरी वॉरंटी शिल्लक असलेली १.५ डीएसजी व्हर्टस. वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होतेय हे लेखी घ्या. चौथी १.५ डिझेल मॅन्युअल, महिन्याला हायवेची धाव मोठी असेल तरच. १.२ डीएसजी शेवटी, आणि तीही स्कॅन रिपोर्ट हातात असेल तेव्हाच.

पुढच्या नोंदीत १.०चा टॉर्क कन्व्हर्टर आणि डीएसजी यांची गर्दीतली तुलना घ्यायची आहे, आणि १.५ मॅन्युअलच्या क्लचची झीजही. ज्यांच्याकडे ५० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली मॅन्युअल आहे, त्यांनी पेडल कुठे पकडतं, प्लेट कधी बदलली आणि फ्लायव्हील तपासलं का, एवढं कळवावं.