सराटे, चिल्लर आणि साडेसहाचा गजर

सोमवार

अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनरींचा, म्हणजे धर्मप्रचारकांचा, आठवडा सोमवारपासून मोजावा, कारण सोमवार हा त्यांचा ‘पी-डे’, म्हणजे तयारीचा दिवस. याला सुट्टी म्हणता येत नाही. संध्याकाळी सहाला पुन्हा टाय बांधून बाहेर पडायचं असतं. तोवर धुणं, किराणा, केस, खोलीची झाडलोट आणि घरचा फोन उरकायचा.

ही नोंद अ‍ॅरिझोनातल्या मेसा परिसराची. हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात याच पंथाच्या लोकांनी वसवलं आणि १९२७ पासून तिथं त्यांचं मंदिर आहे. तरीही स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांत दारोदार फिरणारी पोरं बाहेरून येतात. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’. त्याची दोन वर्षं, तिचं दीड वर्ष. पहिल्या नावानं हाक मारणारं तेवढ्या काळात कुणी नसतं. २०१२ मध्ये मुलांचं किमान वय १९ वरून १८ वर आलं. त्यामुळे कित्येक जण शाळा संपवून थेट इथं येतात आणि धुण्याचं यंत्र आयुष्यात पहिल्यांदा लावतात.

यंत्राला क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची, नाणी लागतात, म्हणून आठवडाभर चिल्लर साठवायची. खरी डोकेदुखी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरची. घाम आणि सनस्क्रीन मिळून पिवळा डाग पडतो आणि नवखा त्यावर ब्लीच ओततो. सनस्क्रीनचा डाग ब्लीचनं आणखी गडद होतो. भांड्यांचा पातळ साबण कॉलरला चोळून अर्धा तास ठेवावा, मग यंत्रात टाकावा.

अमेरिकेतलं कुटुंब दरमहा ठरावीक रक्कम चर्चच्या निधीत भरतं. २०२० च्या जुलैपासून ती ४०० ची ५०० डॉलर झाली. पोरगा महागड्या देशात गेला काय नि स्वस्त देशात गेला काय, रक्कम तीच. हातात मात्र कार्डावर जमा होणारा माफक भत्ता पडतो. पहिल्या आठवड्यात गोठवलेले पिझ्झे घेतले की तिसऱ्या आठवड्यात नुसता भात आणि टॉर्टिया उरतो.

घरी फोन दर आठवड्याला करता येतो, पण २०१९ च्या फेब्रुवारीपासूनच. त्याआधी नाताळ आणि मदर्स डे, असे वर्षाला दोनच फोन. दुपारी मीटिंगहाउसच्या, म्हणजे चर्चच्या इमारतीच्या, सभागृहात बास्केटबॉल. इथं घोटा मुरगळला तर एकटा माणूस घरी बसत नाही, जोडीदार म्हणून बरोबर नेमलेला दुसरा मिशनरीही अडकतो. मिशनरीनं एकटं राहायचं नसतं, समोरचा दिसेल आणि त्याचं बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरात राहायचं. न्हाणीघरापुरती सूट.

मंगळवार

साडेसहाला गजर. प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी. मग स्वतःचा अभ्यास, त्यानंतर जोडीनं अभ्यास आणि परकी भाषा असेल तर तिच्यासाठी अर्धा ते एक तास. रात्री साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळापत्रक थोडं सैल झालं, पण झोपेचे आठ तास कापायचे नाहीत हे कायम.

ही मुलं यूटा राज्यातल्या प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे स्पॅनिश शिकून येतात. प्रार्थना करता येते, आपल्या श्रद्धेची साक्ष देता येते, पण नळ गळतोय हे सांगता येत नाही. हमखास चूक ‘तू’ आणि ‘उस्तेद’ (म्हणजे ‘तुम्ही’) यांची. स्पॅनिश प्रार्थनेत देवाला ‘तू’ म्हणायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि तोच ‘तू’ समोरच्या सत्तरीच्या आजीवर पडतो. मराठी माणसाला हे समजावावं लागत नाही. आपणही विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो आणि शेजारच्या काकांना ‘तुम्ही’. उपाय एकच, धड्यातली वाक्यं सकाळच्या तासात ‘उस्तेद’ धरून मोठ्यानं म्हणायची.

दुपारआधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल. दोन-चार जोड्या जमतात, कुणाला काय शिकवायचं ते बोलतात आणि धड्याची रंगीत तालीम करतात. तालमीतला ‘श्रोता’ फारच गोड वागला तर ती तालीम वाया गेली म्हणायची.

बुधवार

दारांचा दिवस. मेसा ज्या फिनिक्स भागात येतं तिथं २०२३ मध्ये सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला, पोचत होता किंवा त्याच्याही वर जात होता. अशा उन्हात दुपारी एक ते चार दारं वाजवणं हा माझ्या मते उत्साह नव्हे, अडाणीपणा आहे. लोक झोपलेले असतात, कुत्री जागी असतात. या वेळात फोन, संदेश, आजारी सभासदांच्या भेटी उरकाव्यात. पाच ते नऊ हाच कामाचा वेळ. आणि नेमकं तेव्हाच एखादं सभासद कुटुंब जेवायला बोलावतं. तिथं तासाभरात उठता आलं नाही तर संध्याकाळ गेली.

दार उघडल्यावर लांबलचक ओळख नको. नावं, चर्चचं नाव, एक प्रश्न. घरात फक्त बाई असेल तर एल्डरांनी उंबरठा ओलांडायचा नाही, बाहेरच उभं राहून बोलायचं किंवा एखाद्या सभासदाला बरोबर घेऊन पुन्हा यायचं. लहान मूल उचलून घ्यायचं नाही. धडा अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांबवू नये. पहिल्या धड्यात पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथचा १८२० चा साक्षात्कार आणि १८३० मध्ये छापलेला बुक ऑफ मॉर्मन ग्रंथ येतो. नवखे इथं तारखांचा पाऊस पाडतात आणि ऐकणारा मान डोलावत घड्याळाकडे बघतो.

सगळ्यात महाग चूक निघताना होते. ‘पुन्हा येऊ’ म्हणून उठायचं नाही. वार, वेळ आणि तोवर वाचायचं पान ठरवून, त्या पानात खूण घालून मगच उठायचं. ‘कधीतरी या’ म्हणणारं घर पुढच्या खेपेला बहुधा बंद सापडतं.

बंद दारं या पंथाला नवी नाहीत. ह्यू फिंडले नावाचे प्रचारक १८५२ मध्ये थेट मुंबईत उतरले होते, पुढे पुण्यालाही गेले. तिथल्या लष्करी छावणीत त्यांना थारा मिळाला नाही.

गुरुवार

आठवड्याचं नियोजन. मला विचाराल तर अख्ख्या आठवड्यातले हेच दोन-तीन तास मोलाचे. शिकवत असलेल्या लोकांची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये असते, आधी त्यातली एकेक व्यक्ती काढायची. तिनं मागच्या वेळी काय करायचं कबूल केलं, केलं का, पुढची अडचण काय? चहा-कॉफी, दारू, तंबाखू सोडणं? उत्पन्नाचा दहावा भाग देणं? की रविवारी कामावरून सुट्टी न मिळणं? मेसातल्या मजुरांच्या घरांत शेवटचं कारण फार दिसतं आणि त्यावर धर्मग्रंथातलं वचन चालत नाही. कामाची पाळी कधी असते हे विचारून त्या वेळची सभा शोधावी लागते.

शेवटी जोडीची आपसातली झडती. एकमेकांत काय चांगलं आहे ते आधी, काय खटकतं ते नंतर आणि त्यावर काय करायचं ते सर्वांत शेवटी. जोडीदार स्वतः निवडता येत नाही, मिशनचे, म्हणजे त्या भागातल्या प्रचारकार्याचे, अध्यक्ष ठरवतात, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. म्हणून पुष्कळ जण मनात हिशेब करतात, अजून चारच आठवडे, कशाला बोला? झडती शेवटच्या पाच मिनिटांत ‘सगळं ठीक’वर आटोपते आणि पुढची भांडणं सिंकमधल्या भांड्यांवरून होतात. त्याहून जास्त गजरावरून. एक साडेसहाला उठतो, दुसरा सातला. बंद दारांनी पोरं खचतात असं घरच्यांना वाटतं. दाराचं दुःख कोपऱ्यावर वळेपर्यंत टिकतं, न बोलणारा जोडीदार चोवीस तास समोर असतो.

म्हणून झडती आधी घ्यावी, नियोजन नंतर. आणि तक्रार मोजकी हवी. ‘तू ऐकत नाहीस’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘काल धड्यात तू माझं वाक्य दोनदा तोडलंस’ यावर काहीतरी करता येतं.

शुक्रवार

सायकल पंक्चर. कारण आपल्या ओळखीचं, सराटा. आपल्याकडे माळरानावर अनवाण्या पायात रुततो तोच, तीच वनस्पती, अमेरिकेतही पसरलेली. ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारा चिकट द्रव आधीच भरून ठेवावा. काटा दिसला की लगेच उपटू नये, घरापर्यंत तोच बूच म्हणून टिकतो. नव्या ट्यूबआधी टायरच्या आतून बोट फिरवावं, मोडलेलं टोक राहिलं तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

शनिवार

कधीतरी बाप्तिस्मा असतो, म्हणजे नव्या माणसाला पाण्यात बुडवून पंथात घेणं. शिकवणारी जोडी स्वतः मुलाखत घेत नाही, ती डिस्ट्रिक्ट लीडर, म्हणजे मंगळवारच्या त्या दोन-चार जोड्यांचा म्होरक्या, घेतो. हौद भरायला बराच वेळ लागतो आणि भरत असताना तिथं जबाबदार मोठं माणूस हवंच. गरम पाणी मध्येच संपतं, त्यामुळे तोटी दुपारीच सोडावी.

कृती आधी कोरड्या जमिनीवर करून दाखवावी. बाप्तिस्मा देणारा डाव्या हातानं घेणाऱ्याचं उजवं मनगट धरतो, घेणारा आपल्या डाव्या हातानं देणाऱ्याचं डावं मनगट पकडतो. देणाऱ्यानं उजवा हात वर करून घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि ठरलेली प्रार्थना म्हणायची. मग घेणाऱ्यानं उजव्या हातानं नाक दाबायचं, गुडघे वाकवायचे आणि मागे जायचं. गुडघे ताठ राहिले की पाय वर तरंगतात आणि अंगठा पाण्याबाहेर निघतो. दोन साक्षीदार तेवढंच बघत असतात. अंगठा, केसांची बट, काही बाहेर राहिलं किंवा प्रार्थनेतला शब्द चुकला तर पुन्हा. पांढऱ्या कपड्यांबरोबर कोरडे आतले कपडे आणायला सांगायचं हमखास राहून जातं.

रविवार

२०१९ पासून सभा तीनऐवजी दोन तासांची. प्रसाद म्हणून ब्रेड आणि पाणी, द्राक्षारस नाही. ज्यांना बोलावलं त्यांना सकाळी न्यायला जाणारा सभासद आदल्या रात्रीच पक्का करावा, सकाळी फोन उचलत नाहीत. महिन्याचा पहिला रविवार उपासाचा, दोन जेवणं सोडायची. त्या दिवशी सायकलवर लांबची भेट ठेवू नये.

रात्री आकडे भरायचे. नवे किती, सभेला आले किती, बाप्तिस्म्याची तारीख ठरलेले किती. मग अध्यक्षांना साप्ताहिक पत्र. बदल्यांचा आठवडा असेल तर फोनकडे कान आणि पलंगाखालची बॅग अर्धी भरलेली. नसेल तर मेजावर क्वार्टर मांडून मोजायचे. दोन यंत्रं धुण्याची, एक सुकवण्याचं. चार कमी पडतात. जोडीदाराच्या खिशात असतील.