तुम्ही विचारलंत म्हणून : रोज किती शब्द लिहायचे?

लिहायला लागलेली मुलं-मुली भेटली की हे विचारतातच. "ताई, रोज किती शब्द लिहिता? आणि ते स्क्रिव्हनरमधलं टार्गेट खरंच वापरता का?"

वापरते. पहिला खर्डा चालू असतो तेव्हा तर रोज. (स्क्रिव्हनर हे लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर, आणि टार्गेट म्हणजे त्यात ठरवून ठेवायचं शब्दांचं लक्ष्य.) पण आकडा इंग्रजीतून उसना घेऊ नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते.

१,६६७ हा आकडा पुष्कळांना पाठ असतो. १९९९ साली अमेरिकेत काही हौशी लेखकांनी सुरू केलेल्या 'नॅनोरायमो' या कादंबरीलेखनाच्या उपक्रमाचा तो वारसा. नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचे, म्हणजे रोजचे एवढे. २०२५ मध्ये तो चालवणारी संस्था बंद झाली, आकडा अजून फिरतोच आहे. मराठीला तो का बसत नाही ते बघा. सॉफ्टवेअर दोन मोकळ्या जागांमध्ये जे सापडेल तो एक शब्द धरतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं तर शब्दाला चिकटूनच येतात. 'शेजाऱ्यांच्या घरासमोरून' हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेवढ्यालाच चार-पाच सहज लागतात. मराठीत ५०,००० शब्द झाले की मजकूर इंग्रजीतल्या ५०,००० पेक्षा बराच जास्त झालेला असतो. तेव्हा इथे रोजचे सहाशे-सातशे शब्द होत असतील तर ते भरपूर आहेत. मन खट्टू करून घेऊ नका.

मी काय करते ते सांगते. दिवाळी अंकाची कथा आहे, संपादकांनी ४,००० शब्द आणि जुलैअखेर सांगितलंय, असं धरा. स्क्रिव्हनरच्या प्रोजेक्ट टार्गेट्समध्ये हे दोन्ही भरायचं. मग कुठल्या वारी लिहिणार ते निवडायचं. घरी पाहुण्यांची वर्दळ असते तो रविवार मी सरळ काढून टाकते. उरलेले शब्द उरलेल्या लिहित्या दिवसांत वाटून रोजचा आकडा तेच काढून देतं. एखादा दिवस बुडाला तर पुढच्या दिवसांवर थोडं थोडं ओझं चढतं, इतकंच.

म्हणूनच सलग किती दिवस लिहिलं त्याची अखंड साखळी दाखवणारी ॲप्स मला पटत नाहीत. एक दिवस ताप आला की आकडा शून्यावर. महिनाभराची मेहनत जणू झालीच नाही! एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करून पहाटे लिहायचा, घड्याळ समोर ठेवून, पाव तासाला २५० शब्द. त्याची रोजवही मात्र आठवड्यांची होती. रोज किती पानं झाली ते लिहायचं आणि हिशेब आठवड्याचा धरायचा. बुडालेला बुधवार शुक्रवारी भरून काढता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. नोकरी, मुलं, म्हातारी माणसं सांभाळून लिहिणाऱ्या बाईला तर ती हवीच.

दुसऱ्या खर्ड्याला मात्र मी टार्गेटची खिडकी बंद करते. काटछाटीत शब्द घटले तर मोजणी उणे दाखवायची सोय स्क्रिव्हनरमध्ये आहे, काहींना ती आवडतेही. पण चांगला परिच्छेद घडवायला कधी दोन ओळी उडवाव्या लागतात, कधी चार घालाव्या लागतात, आणि त्या घडीला आकड्याकडे डोळा गेला की हात आखडतो. तेव्हा मी वेळ धरते : सकाळचा दीड तास, आणि त्यात एक प्रसंग मोठ्यानं वाचून, दुरुस्त करून झाला पाहिजे.