कार्नेटचे आठ शिक्के आणि बसचालकाचे तेरा तास

युरोपात मुलांचा वाद्यवृंद न्यायचा म्हटलं की सगळे व्हिसाचं विचारतात. व्हिसा झाला. कार्नेटचं, म्हणजे वाद्यांसाठीच्या सीमाशुल्काच्या वहीचं, कुणी विचारत नाही, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं, म्हणून हे लिहितोय.

व्हिसाचं आधी दोन ओळींत उरकतो. जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा, मुक्काम सारखेच असतील तर जिथून शिरणार त्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, आणि प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंतच. विमा किमान ३०,००० युरोचा. फी ९० युरो, पण ना-नफा संस्थेचे २५ वर्षांपर्यंतचे प्रतिनिधी ना-नफा संस्थेनेच भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जात असतील तर ती माफ असते. हे खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही. निमंत्रणपत्रात यजमान संस्था ना-नफा असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार मात्र भरावाच लागतो.

आता कार्नेट. एटीए कार्नेट म्हणजे सामान तात्पुरतं बाहेर नेतोय आणि परत आणणार आहे, याची हमी देणारी वही. भारतात ती फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना देते. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि सामानाच्या किमतीच्या हिशेबाने हमी ठेवावी लागते. मुखपृष्ठ हिरवं. आत पिवळी पानं भारतातून निघताना आणि परतताना, पांढरी पानं परदेशात शिरताना आणि तिथून निघताना. अधिकारी व्हाउचर फाडून स्वतःकडे ठेवतो, शिक्का मारलेली स्थळप्रत वहीत राहते. पुढे वाद झालाच तर त्या स्थळप्रतीच आपल्या कामाच्या.

आमचा मार्ग फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट, झ्युरिक, इन्सब्रुक आणि म्युनिकहून परत. कागदावर तीन देश. जर्मनी आणि ऑस्ट्रिया युरोपीय संघात, त्यांच्यामध्ये सीमाशुल्काची रेघच नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसाच्या देशांत आहे, म्हणून व्हिसा तोच चालतो आणि पासपोर्टला सहसा कुणी हात लावत नाही. पण तो संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात नाही. माणसांना उघडी असलेली सीमा सामानाला बंद. म्हणून शिक्के मोजा : भारतातून बाहेर, संघात आत, संघातून बाहेर, स्वित्झर्लंडमध्ये आत, तिथून बाहेर, संघात पुन्हा आत, पुन्हा बाहेर, भारतात आत. आठ. पांढऱ्या पानांचे तीन संच लागतात आणि ते अर्ज करतानाच मागून ठेवायचे असतात. आम्ही दोनच मागणार होतो. एका जाणत्या माणसाने वेळेवर टोकलं.

जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवर शनिवारी दुपारी साडेचारला पोचलो. बस प्रवासी मार्गिकेत होती आणि तिथल्या शिपायाने हात दाखवून पुढे जायला सांगितलं. इथेच बहुतेक मंडळी फसतात. पुढे गेलात की संघातून बाहेर पडल्याचा शिक्का गेला, आणि सामान संघातच राहिलं असं गृहीत धरून शुल्काचा दावा कार्नेट देणाऱ्या संस्थेकडे येतो. कार्नेटची मुदत संपल्यावर वर्षभरात कधीही. तेव्हा स्वतः थांबा, चालकाला आधीच सांगून ठेवा, आणि मालवाहतुकीचं कस्टम्स कुठे आहे ते विचारा. त्या खिडकीच्या वेळा वेगळ्या असतात, आणि शनिवार-रविवारी तर त्या आधी फोन करून विचारल्याशिवाय निघूच नये. आम्ही विचारलं नव्हतं. खिडकी उघडी होती, पण एकच माणूस आणि पुढे ट्रकवाल्यांची रांग.

तासाभराने नंबर लागला आणि खरा घोळ बाहेर आला. यादीत लिहिलं होतं : तबला, नग ३. बसच्या पोटातून काढल्यावर अधिकाऱ्याने मोजले, सहा. बरोबरच आहे, तीन तबले आणि तीन डग्गे. आपल्यासाठी जोडी म्हणजे एक वाद्य, त्याच्यासाठी दोन पिंपं. टाळांचंही तेच : यादीत १०, टेबलावर २०. यादीत नसलेली वस्तू कार्नेटमध्ये येत नाही आणि एकदा वही निघाली की यादीत भर घालता येत नाही, त्यामुळे 'हे जास्तीचे तीन ड्रम कुणाचे?' हा प्रश्न त्याच्या जागी चुकीचा नव्हता. राग आला तो त्यानंतरच्या वेळेचा. भारतातल्या कस्टम्सने आणि फ्रांकफुर्टनेही तीन म्हणूनच शिक्का मारला होता, ती पानं समोर होती, तरी वरिष्ठाला फोन, वरिष्ठ जेवायला, मग पुन्हा मोजणी. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात 'तीन जोड्या, एकूण सहा नग' असं लिहून शिक्का पडला. पुढे स्विस बाजूने चार मिनिटांत काम केलं. सगळं मिळून दोन तास चाळीस मिनिटं.

म्हणून यादी अशी करा. प्रत्येक सुटा नग वेगळा मोजा : तबला १, डग्गा १. चुंबळी आणि हातोडी त्यांच्या पिशवीसकट एका ओळीत. 'पेटी' हा शब्द इंग्रजीत उतरवताना हार्मोनियमच लिहा, खोकं वाटेल असं काही नको. मिक्सरचे, मायक्रोफोनचे अनुक्रमांक टाका. तारा, पावडर, वाटायची पत्रकं, विकायच्या सीडी या यादीत नकोत. त्या परत येणार नाहीत. यादीतला क्रमांक प्रत्येक केसवर मोठ्या अक्षरात चिकटवा आणि बसमध्ये वाद्यं सुटकेसांच्या वर भरा. आमची खाली होती, बावीस सुटकेसा रस्त्यावर आल्या. आणि आयातीच्या स्थळप्रतीवर परत नेण्याची शेवटची तारीख लिहिलेली असते, ती वहीच्या मुदतीच्या आधीची असू शकते. तिथेच उभं राहून वाचा.

हे तास बसला भारी पडले. युरोपात चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं, दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास चालवता येतं. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की २४ तासांत त्याला सलग ११ तास विश्रांती हवी, म्हणजे कामाला लागल्यापासून १३ तासांत बस उभी. बस चालो किंवा सीमेवर खोळंबो, हे घड्याळ थांबत नाही. विश्रांती ९ तासांवर आणायची सवलत दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीनदाच मिळते, आणि आमच्या तिन्ही आधीच्या दिवसांत वापरून झाल्या होत्या. चालक त्या दिवशी सकाळी आठला कामाला लागला होता. कार्यक्रम उशिरा सुरू होऊन साडेनऊला संपला, बस नऊला बंद. चालकावर चिडण्यात अर्थ नाही. नोंद टॅकोग्राफमध्ये, म्हणजे बसमधल्या नोंदयंत्रात उमटते, आणि दंड होतो तेव्हा त्याच्या कार्डावरून होतो. पोरं पेट्या घेऊन ट्रामने वसतिगृहावर गेली. सवलतीचा निदान एक दिवस सीमा ओलांडण्यासाठी राखून ठेवायला हवा होता.

मुळात कार्नेट हवं होतं का? हाताने नेण्याजोगी वाद्यं प्रवासी आपल्या कामासाठी तात्पुरती घेऊन आला, तर संघाच्या नियमांत त्यांना लेखी जाहीरनामा लागत नाही, विमानतळावरच्या 'जाहीर करण्यासारखं काही नाही' या हिरव्या मार्गाने चालत गेलं तरी पुरतं. परतताना भारतात शुल्काचा प्रश्न नको म्हणून निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. पुढच्या खेपेला मी कार्नेटमध्ये मिक्सर आणि मायक्रोफोन एवढंच घालणार, आणि वाद्यांबद्दल स्विस कस्टम्सला यजमानांकरवी आधी लिहून विचारणार. काही झालं तरी मुंबईत कस्टम्स आधी, चेक-इन नंतर. केस पट्ट्यावर गेली की दाखवायला काही उरत नाही.

शिसवी लाकडाची भीती बरेच जण घालतात. २०१७ पासून शिसव जातीच्या झाडांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले खरे, पण २०१९ च्या दुरुस्तीने तयार वाद्यं त्यातून वगळली. जपायचं ते घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला. जुन्या तंबोऱ्याची किंवा सतारीची घोडी सांबरशिंगाची असेल तर ती भारतातच कायद्यात अडकते. मिरजेत लाकडाची किंवा सिंथेटिक घोडी बसवून, जवारी काढून (घोडी घासून नाद जुळवून) न्या. विमानात चढवताना तारा सैल, आणि घोडीखाली फडकं.

जर्मन पियानोबरोबर बसणार असाल तर तो बहुधा ४४२ हर्ट्झ (सुराची उंची) वर लावलेला असतो, पेटी ४४० वर. पेटी काही हलत नाही, म्हणून आधीच कळवून ठेवा. आणि जर्मनीत चाललेला जाड गोल प्लग स्विस सॉकेटमध्ये जात नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी तिथला तीन पिनांचा अडॅप्टर वेगळा घ्या, निदान दोन.