तार दिसत असताना

व्याख्यान संपले की कोणीतरी हमखास विचारते : गळ्यात तार रुतलेली ती रानकुत्री तुमच्यापासून साठ पावलांवर होती, मग तुम्ही फोटो काढत का बसलात? तुम्ही विचारलेत म्हणून, आणि सभागृहातले माझे उत्तर दर वेळी अर्धेच राहते म्हणून, एकदाचे लिहून टाकते.

फोटो मी एकच काढला. तार किती खोल गेली आहे हे पशुवैद्याला कळावे, एवढ्यासाठीच. हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारले आहे, की आता मलाच ते सबबीसारखे ऐकू येते.

झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगतची आफ्रिकी रानकुत्र्यांची ती टोळी सहा प्रौढांची होती आणि जुलैत तिचा मुक्काम पिल्लांच्या बिळापाशी होता. तिथले तारेचे फास कुत्र्यांसाठी नसतात; ते इम्पाला आणि कुडू या हरणांसारख्या प्राण्यांच्या मांसासाठी लावलेले असतात, पण रोज मैलोन्‌मैल धावणारा हा प्राणी त्यांत आपसूक सापडतो. त्या संध्याकाळी शिकारीहून परतलेल्यांच्या तोंडाला ढुशा देत नऊ पिल्ले पाखरांसारखी चिवचिवत होती आणि मोठी कुत्री त्यांच्यापुढे मांस ओकत होती. गळ्यात तार असलेली तीही त्यांच्याबरोबर आली होती. दोन पिल्ले तिच्या ओठांशी लागली, तिने मान खाली घातली, पोट आत ओढले गेले, पण बाहेर काही आले नाही. मग एका नराने तिच्याच पुढ्यात मांस ओकले. तिने ते हुंगले, तोंडात धरले, आणि गिळता येईना म्हणून खाली ठेवले. तुटलेल्या तारेचे वीतभर टोक ती चालताना तिच्या खांद्यावर आपटत होते.

भुलीचा डार्ट मारण्याचा परवाना असलेला पशुवैद्य सकाळपर्यंत पोहोचणार नव्हता. अंधारात अर्धवट भुललेले जनावर तरसांच्या किंवा सिंहांच्या वाटेला लागले तर आपणच त्याला मारल्यासारखे होते. म्हणून थांबायचे ठरले, आणि थांबण्याच्या बाजूने मीही बोलले. पहाटे टोळी शिकारीला गेली, दुपारी पाच जण परतले. पुढचे काही दिवस आम्ही काटेरी झुडपांतून तिला शोधत राहिलो; ती सापडली नाही.

सभागृहात मी इथे थांबते. राहिलेले अर्धे असे, की त्या टोळीत एकाच्याही गळ्यात रेडिओ कॉलर नव्हती, आणि ती नसावी असे मत देणाऱ्यांत मी होते. टांझानियाच्या सेरेंगेटीतील अभ्यासाखालच्या टोळ्या १९९१पर्यंत नाहीशा झाल्या, तेव्हा पकडण्याच्या आणि कॉलर लावण्याच्या ताणामुळेच त्यांच्यातील सुप्त रेबीज उफाळला, असा एक तर्क मांडला गेला होता. विद्यार्थिदशेत मी तो वाचला आणि धर्मवचनासारखा धरून ठेवला. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर, टांझानियातील सेलूस अशा ठिकाणच्या नोंदींत कॉलर लावलेली कुत्री अधिक मरताना दिसली नाहीत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. हात न लावणे मला सभ्यपणाचे वाटत होते, आणि त्या सभ्यपणाची किंमत मला स्वतःला कधी मोजावी लागली नव्हती.

माझ्या मताला तेथे फारसे वजन नव्हते, हेही खरे. शिवाय तार अडावी म्हणून धातूचे तुकडे बसवलेली कॉलर असती तरी ती तिच्याच गळ्यात असती, असे कुठे होते? टोळीत एकदोघांनाच कॉलर लावतात. तरीही टोळी पहाटे कुठे गेली, हे कॉलरमुळे कळले असते. एवढ्या वाक्यावर मी कितीदा तरी अडते.

जगात ही कुत्री साधारण ६,६००, त्यांतली प्रजननक्षम जेमतेम १,४००, हा माझ्याच पडद्यावरचा आकडा घेऊन तुम्ही मला विचारता, की मग एकेक मादी मोलाची नव्हती का? होती. ती वरिष्ठ, म्हणजे टोळीत पिल्ले घालणारी, मादी नव्हती, म्हणून तिची हानी छोटी, असे मीही पूर्वी म्हटले असते. पण लहान टोळीत पिल्लांपाशी एक राखणदार ठेवला की शिकारीला एक गडी कमी पडतो, आणि शिकार कमी पडली की ते पिल्लांच्या पोटाला दिसते. सप्टेंबरात मी पिल्ले मोजली तेव्हा ती चार होती. उरलेली पाच तिच्या जाण्याने गेली, असे मला सिद्ध करता येत नाही. सिंहानेही नेली असतील.

आज एखाद्या टोळीच्या कॉलरबद्दल माझे मत मागितले, तर मी लावा म्हणते. म्हणताना आवाज जरा चढतो, आणि त्या चढलेल्या आवाजावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.