त्यांचे हार्वर्ड

शिकाऊ वैमानिकांना घडवणारे ते गेल्यानंतर आज प्रथमच त्यांच्या हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडमध्ये, गेलो आणि त्यांनी अनेक वर्षे खपून पुन्हा उड्डाणयोग्य केलेले पिवळे हार्वर्ड विमान डोळे भरून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे असंख्य वैमानिक लढाऊ विमान हाती येण्यापूर्वी याच जातीच्या विमानावर तयार झाले. अमेरिकेत टेक्सन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विमानाची १५,००० हून अधिक नगांची निर्मिती झाली.

मला मात्र आठवतात ते त्यांचे हात. विमान उभे असताना ९ सिलिंडरांच्या त्या गोलाकार इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते आणि तसेच इंजिन सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी ते प्रोपेलरचे एकेक पाते हाताने सावकाश फिरवीत. पाते अडले तर जोर लावायचा नाही, खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल बाहेर काढायचे, हा त्यांचा दंडक होता. शेपटीखाली चाक असलेले हे विमान उतरल्यावरही गरकन फिरू शकते. त्यामुळे विमान पूर्ण थांबेपर्यंत रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवरचे पाय ढिले सोडू नयेत, हे त्यांनी किती शिकाऊंना तळमळीने सांगितले असेल!

विमान संग्रहालयात न ठेवता उडते ठेवावे, अशी कुटुंबीयांची इच्छा आहे. मला ती मनापासून पटते, कारण नुसत्या उभ्या इंजिनाला आतून गंज धरतो आणि हे इंजिन त्यांनी जिवापाड जपले होते.